अमृतसरचे तंबू



आमच्या गटाच्या इतिवृत्ताच्या वहीत एका ताईच्या नावापुढे सलग चार बैठका 'गैरहजर, दंड दहा रुपये' असं लिहिलेलं आहे. पाचव्या बैठकीला तिची जाऊ हप्ता घेऊन आली आणि हळूच म्हणाली, "ती रात्र रात्र झोपत नाही. भिंतीशी बोलते. घरच्यांनी खोलीला बाहेरून कडी घातलीय." आम्ही वहीकडे बघत राहिलो. चार वेळा दंड लिहिला, पण बाई का येत नाही हे एकीनंही विचारलं नव्हतं. त्या ताईचं पुढं काय झालं ते सांगूच. त्याआधी या कडीचीच गोष्ट सांगायची आहे, कारण ती फार जुनी आहे.

इंग्रजांच्या काळात मनाच्या आजाराला दवाखान्यापेक्षा कचेरीच जास्त लागायची. 1912 चा वेड्यांसंबंधीचा कायदा होता. त्याप्रमाणे माणसाला मॅजिस्ट्रेटच्या हुकमानं आत पाठवत. उंच भिंती, मोठं फाटक, आणि आत गेलेल्याला भेटायला क्वचितच कोणी. आपल्याकडे रत्नागिरी, ठाणे, येरवडा, नागपूर इथली मनोरुग्णालयं त्याच काळातली. तिथं नेलेलं माणूस परत येत नाही, अशी समजूत गावोगाव पसरली ती उगीच नाही. 'त्याला येरवड्याला घाला' हे आपल्याकडे अजूनही चेष्टेत म्हणतात. ज्याच्या घरचं माणूस तिथं राहिलेलं असतं त्याला ती चेष्टा वाटत नाही.

मग फाळणी झाली. दोन देशांनी जमीन वाटली, कैदी वाटले आणि 1950 मध्ये मनोरुग्णही वाटले. लाहोरच्या रुग्णालयातल्या हिंदू आणि शीख रुग्णांना सीमेच्या अलीकडे आणलं, त्यातले पुष्कळ अमृतसरला. सादत हसन मंटो यांची 'टोबा टेक सिंग' ही प्रसिद्ध कथा याच वाटणीवर आहे.

त्या अमृतसरच्या रुग्णालयात डॉ. विद्या सागर अधीक्षक होते. रुग्ण भरमसाट, खाटा कमी, माणूसबळ त्याहून कमी. नवीन इमारतीला पैसा नाही. त्यांनी लष्कराकडून जुने तंबू उसने घेतले, रुग्णालयाच्या आवारात ठोकले आणि रुग्णाबरोबर त्याच्या घरच्यांनाच तिथं राहायला बोलावलं. आई, बायको, भाऊ, जे कोणी असेल ते.

आज आपल्याला वाटेल, यात काय विशेष? बाळंतिणीबरोबर आई राहतेच की. पण त्या काळी मनोरुग्णाच्या घरच्यांनी फाटकाबाहेर राहायचं, हीच रीत होती. घरचीच माणसं रोगाचं कारण असतात, असंही काही शिकलेले लोक मानत. विद्या सागरांनी ते उलटं केलं. उपचार चालू असताना घरचा माणूस शेजारी, डॉक्टर काय करतात ते तो डोळ्यांनी बघतोय. नातेवाइकांना एकत्र बसवून ते आजाराविषयी बोलत, त्यांच्या शंका ऐकत.

याचे फायदे त्यांनी स्वतः नोंदवून ठेवलेत. वेड बरं होत नाही ही समजूत गेली, कारण शेजारच्या तंबूतला माणूस बरा होताना दिसत होता. घरचे रुग्णाला समजून घ्यायला शिकले. आणि तिसरी गोष्ट आम्हाला सगळ्यांत आवडली: नातेवाईक स्वतःच्या मनाची काळजी घ्यायलाही शिकले. तंबूत राहिलेली माणसं बरी होऊन घरीही लवकर परतत, कारण घराशी नातं तुटलेलंच नसे.

पुढं वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजनं मनोरुग्णांसाठी केंद्र काढलं, तिथंही घरचा एक माणूस बरोबर राहण्याची पद्धत ठेवली. आपल्या देशाची मानसोपचाराला ही मोठी देणगी आहे, असं जाणकार मानतात.

पण इथं आम्हाला एक गोष्ट बोलल्याशिवाय राहवत नाही. घरचा माणूस म्हणजे बहुतेक वेळा कोण? बाईच. नवरा आजारी पडला तर बायको पदर खोचून तंबूत जाईल. बायको आजारी पडली तर? आपण सगळ्याच जणींनी पाहिलंय, तिला माहेरी नेऊन सोडतात, आणि भावजयीनं तोंड वाकडं केलं की ती कुठलीच राहत नाही. तंबू चांगला, पण त्यात बाईसाठी कोण राहणार, हेही ठरवायला लागतं.

आणि जिथं डॉक्टरही नाही नि घरचंही नाही, तिथं काय होतं तेही या देशानं पाहिलं. तामिळनाडूत एरवाडी इथं दर्ग्याजवळ मनोरुग्णांना ठेवायची खासगी ठिकाणं होती. 6 ऑगस्ट 2001 रोजी पहाटे त्यातल्या एकाला आग लागली. रुग्ण साखळीनं बांधलेले होते. 28 जण गेले. श्रद्धेनं दर्ग्यात किंवा देवळात जाण्याला आमचा विरोध नाही, तिथं मनाला धीर मिळतो. पण साखळीनं कोणी बरं होत नाही.

दरम्यान उपचार मोठ्या रुग्णालयातून गावाकडे आणायचे प्रयत्नही चालू होते. 1975 च्या सुमारास बंगळूरजवळ सकलवाडा आणि हरियाणात रायपूर राणी इथं साध्या आरोग्य केंद्रातल्या लोकांना मनाचे आजार ओळखायला शिकवलं. 1982 मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम आला. मग कर्नाटकातल्या बेल्लारी जिल्ह्यात तो अख्ख्या जिल्ह्यात राबवून पाहिला, आणि 1996 पासून जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम सुरू झाला. आज जिल्हा रुग्णालयात मनाच्या डॉक्टरांची ओपीडी असते ती यातूनच.

शेजारच्या गोव्यात तर संगाथ संस्थेनं मानसोपचाराचं शिक्षण नसलेल्या स्थानिक बायांना थोडं प्रशिक्षण देऊन आरोग्य केंद्रात बसवलं. उदासी आणि काळजीनं खंगलेल्यांशी त्या बोलत, झोप-जेवणाची चौकशी करत, औषध लागेल त्याला डॉक्टरकडे धाडत. 2010 मध्ये त्याचा अभ्यास प्रसिद्ध झाला. सरकारी केंद्रांत त्यांच्यामुळे जास्त माणसं बरी झालेली दिसली.

2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं साखळीवर बंदी घातली. बाईच्या मासिक पाळीची सोय रुग्णालयात असली पाहिजे, आणि तीन वर्षांखालचं मूल शक्यतो आईपासून तोडू नये, हेही त्यात लिहिलंय. हे कलम लिहिताना कोणीतरी आईचा विचार केला, एवढं नक्की.

आता आमची ताई. आशाताईंना बरोबर घेऊन आम्ही दोघी तिच्या घरी गेलो. सासूबाई म्हणाल्या, बाहेरचं आहे, देवऋषी बघतोय. आम्ही वाद घातला नाही. एवढंच म्हटलं, "देवाचं चालू द्या, पण झोपेचं औषध तरी मिळू द्या. आम्ही येतो बरोबर." तिच्याबरोबर जाऊ आली. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, आणि जावेला वेगळं बसवून समजावलं: गोळ्या मनानं बंद करू नका, तिला एकटं कोंडू नका, झेपेल तसं काम द्या, जेवण-झोपेची वेळ पाळा. मध्यंतरी एकदा 'बरी झाली' म्हणून गोळ्या बंद केल्या आणि पुन्हा रात्री जागल्या. पुन्हा गेलो.

तुमच्याकडे कोणी असं असेल आणि विचारायचं कुठं कळत नसेल, तर 14416 हा सरकारचा टेलीमानस क्रमांक आहे. फोन फुकट लागतो आणि मराठीत बोलता येतं.

ताई आता बैठकीला येते. मागं बसते, फार बोलत नाही, शेवया करायला मात्र सगळ्यांत आधी हजर. त्या चार दंडांवर आम्ही लाल शाईनं रेघ मारली. वहीच्या शेवटच्या पानावर नवा तक्ता केलाय: महिन्याला तिच्याबरोबर दवाखान्यात कोण जाणार. या महिन्यात सचिवांचा नंबर आहे.