फुगलेल्या शिरा : लेसर की रेडिओलहरी?

रोमन सेनानी गायस मारियस याच्या पायांवरच्या शिरा फुगल्या होत्या. प्लूटार्क सांगतो, की त्याने स्वतःला बांधून न घेता एका पायावर शस्त्रक्रिया करवून घेतली आणि तोंडातून आवाज काढला नाही. दुसऱ्या पायाला मात्र त्याने हात लावू दिला नाही. एवढ्या यातना सोसाव्यात असा लाभ त्याला त्यात दिसेना. मला वाटते, ‘व्हेरिकोज व्हेन्स’च्या उपचारांचा इतिहास याच हिशेबाभोवती फिरतो.

मुळात होते काय? पायांतले रक्त हृदयाकडे वर चढते. ते खाली घसरू नये म्हणून शिरांमध्ये झडपा असतात. त्या निकामी झाल्या, की रक्त साचते, शीर फुगते, पाय जड होतात. घोट्याजवळ चिघळणारी जखमही होऊ शकते.

१९०७ मध्ये अमेरिकेतील बॅबकॉक यांनी शिरेत तार घालून ती ओढून काढण्याची पद्धत मांडली. विसाव्या शतकात तीच रूढ झाली. जांघेत छेद, भूल, मांडीभर काळेनिळे डाग आणि घरी सक्तीची विश्रांती, असा तो मामला होता.

शीर काढण्याऐवजी आतून उष्णता देऊन ती बंदच केली तर? या कल्पनेला अमेरिकेत १९९९ मध्ये रेडिओलहरींच्या आणि २००२ मध्ये लेसरच्या रूपाने मान्यता मिळाली. दोन्हींत सोनोग्राफीवर पाहत सुईच्या छिद्रातून बारीक नळी शिरेत सरकवतात. भोवती बधिर करणारे पातळ द्रावण भरतात. त्यामुळे आसपासचा भाग भाजत नाही. उष्णतेने शीर आकसून मिटते आणि रक्त आतल्या निरोगी शिरांनी वाहू लागते.

फरक आहे तो उष्णता देण्याच्या रीतीत. सुरुवातीच्या लेसरची ऊर्जा मुख्यतः रक्त शोषून घेई. तंतूचे टोक अतिशय तापे, शिरेला जागोजागी भोके पडत, मग डाग आणि ठणका. २००७ मध्ये आलेल्या रेडिओलहरींच्या नव्या नळीने सात सेंटिमीटरचा तुकडा वीस सेकंद १२० अंश सेल्सिअसवर एकसारखा तापवता येऊ लागला.

डेन्मार्कमधील पाचशे रुग्णांवरचा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. वर्षभरानंतर शीर बंद राहण्यात लेसर, रेडिओलहरी आणि जुनी शस्त्रक्रिया जवळजवळ सारख्याच ठरल्या. वेदनेत मात्र लेसर जुन्या शस्त्रक्रियेच्याच पंगतीत बसला; रेडिओलहरींचे रुग्ण कमी दुखून लवकर कामावर गेले. लेसरवाल्यांनीही मग सुधारणा केली. १४७० नॅनोमीटरची, शिरेच्या भिंतीतले पाणी शोषून घेईल अशी लहर आणि चहूबाजूंनी प्रकाश फेकणारे टोक आले. दोहोंतले अंतर कमी झाले. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने २०१३ मध्ये उष्णतेच्या उपचारांना शस्त्रक्रियेच्या आधीचे स्थान दिले; दोहोंत डावे-उजवे केले नाही.

म्हणून ‘लेसर म्हणजे अत्याधुनिक’ एवढ्यावर भुलू नये. कोणता लेसर, कोणते टोक, किती दिवस दुखेल, कामावर कधी जाता येईल, हे डॉक्टरांना मोकळेपणाने विचारावे. उष्णतेने क्वचित जवळची मज्जातंतू दुखावते किंवा गुठळी होते, तेही समजून घ्यावे. शीर बंद झाली हे डॉक्टरांचे यश. पण त्यासाठी किती सोसावे लागले, याचा हिशेब मांडण्याचा हक्क रुग्णाचाच आहे.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)