नाचावरचा कर आणि लहान झालेला ड्रमसेट

जुने, आटोपशीर ड्रमसेट जपणारे वादक १८ वा २० इंची बास ड्रमचे कौतुक करतात. हा आकार निव्वळ आवडीतून आलेला नाही.

१९०९ मध्ये शिकागोच्या विल्यम लुडविग यांनी बास ड्रमचे वेगवान पेडल बाजारात आणले. तोवर बास ड्रम, स्नेअर आणि झांजांना अनेकदा वेगवेगळे वादक लागत. आता एकालाच सारे जमू लागले. इतरांचा रोजगार गेला, ही बाजू सहसा सांगितली जात नाही.

१९३०च्या दशकात स्विंग आले. भव्य नृत्यगृहे, मोठे वाद्यवृंद, २६-२८ इंची बास ड्रम. मग १९४४ साली अमेरिकी सरकारने नाच-गाणे असलेल्या क्लबांवर प्रथम ३० टक्के, काही महिन्यांतच २० टक्के कर लावला. केवळ वाद्यसंगीत त्यातून सुटले. एकट्या कराने नृत्यगृहे बुडाली असे म्हणणे अतिशयोक्तीचे. वादकांची सैन्यभरतीही कारणीभूत होतीच. परंतु अरुंद क्लबात चार-पाच जणांनी बसून ऐकण्याजोगे संगीत वाजवणे परवडू लागले. बीबॉप वाढले ते याच क्लबांत. केनी क्लार्क, मॅक्स रोच यांनी ताल झांजेवर नेला. बास ड्रम अधूनमधून ठोका देण्यापुरता उरला. एवढ्यासाठी अजस्र ड्रम कोण वाहणार? लहान ड्रम टॅक्सीतही मावे.

१९६३ मध्ये रिंगो स्टारने लंडनमध्ये घेतलेल्या लुडविग डाउनबीट संचाचा बास ड्रम २० इंचीच होता. ९ फेब्रुवारी १९६४ रोजी सुमारे ७.३ कोटी अमेरिकनांनी त्याला दूरचित्रवाणीवर वाजवताना पाहिले, आणि लुडविगचा कारखाना अहोरात्र चालू लागला.