पाळीव प्राण्यांशी खेळ (वर्धा जिल्हा)

पाळलेल्या जनावराशी कामाचा हेतू न ठेवता केलेली, दोघांनाही हवीशी वाटणारी धावपळ, ओढाताण, लपाछपी किंवा लाडिक झोंबाझोंबी म्हणजे हा खेळ. त्याने ताण उतरतो, एकटेपणा जातो असे नेहमी सांगितले जाते. क्षणापुरते ते खरेही आहे. पण प्राणी पाळणारे लोक इतरांपेक्षा निरोगी असतातच, हे अजून पक्के ठरलेले नाही, अभ्यासांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत. खेळाचा भक्कम लाभ वेगळा आहे. जनावराचा माणसाच्या हातावर विश्वास बसतो आणि बाकीचे फायदे त्यामागून येतात.

आर्वी, आष्टी, कारंजा (घाडगे) हा गवळाऊ गोवंशाचा मुलूख. हेटीकुंडीला त्यासाठी सरकारी प्रक्षेत्र आहे. दावे सुटले की वासरू शेपूट वर करून हुंदडते, मागचे पाय झाडते. पशुकल्याणाचे अभ्यासक हे हुंदडणे वासरू सुखात असल्याची खूण मानतात, कारण भुकेले किंवा दुखणाईत वासरू फारसे खेळत नाही. लहानपणी ज्याची मान, गळ्याखालची पोळी प्रेमाने खाजवली जाते, ते मोठेपणी माणूस जवळ आला तर बुजत नाही. वेसण, जू, धार, लस टोचणे, सगळे त्यावर अवलंबून. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदशेकणीला हळद-तूप लावून बैलाचा खांदा शेकतात. जूने सोललेला तो दुखरा खांदा बैल परक्या हाताला सहज देत नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीच्या तान्ह्या पोळ्यात मुले लाकडी बैल सजवून मिरवतात, सिंदी (रेल्वे) गावाचा हा सण दूरवर प्रसिद्ध आहे. परंपरा सुंदरच, मात्र लाकडी बैल बुजत नाही आणि लळाही लावत नाही. ट्रॅक्टर आल्यापासून गोठे रिकामे होत असताना मुलांना जिवंत वासराची ओळख राहणे म्हणूनच अधिक गरजेचे झाले आहे.

कुत्र्या-मांजरांबाबत पुरावा अधिक नेमका आहे. पुढचे पाय जमिनीला टेकवून, मागचा भाग उंच धरून कुत्रा खेळायला बोलावतो. पुढचे चावणे खोटे आहे, हे तो आधीच सांगतो. जपानच्या अझाबू विद्यापीठातील संशोधकांनी 2015 साली दाखवले, की कुत्रा आणि मालक एकमेकांकडे टक लावून पाहतात तेव्हा दोघांच्याही शरीरात ऑक्सिटोसिन हे जिव्हाळ्याशी जोडलेले संप्रेरक वाढते. इंग्लंडमधील एक्झेटर विद्यापीठाच्या 2021 च्या अभ्यासात रोज पाच-दहा मिनिटे खेळवलेल्या मांजरांनी घरी आणलेली शिकार सुमारे 25 टक्क्यांनी घटली.

कष्टकऱ्याला एवढी सवड कुठे, हा पहिला आक्षेप. पण खेळ लागतो तो काही मिनिटांचा, आणि त्यातच कानामागची गोचीड, लंगडणारा पाय, सुजलेली हिरडी हाताला कळते. लाडाने जनावर शेफारते, हा दुसरा. रस्सीखेचीत जिंकू दिलेला कुत्रा मालकावर वरचढ होतो ही समजूत प्रयोगांत टिकलेली नाही. शेफारतो तो नियम नसलेल्या खेळाने. हाताला दात लागताच खेळ थांबवावा, म्हणजे पिल्लू लवकर शिकते. गोऱ्ह्याला मात्र डोक्याने ढुशी द्यायला कधीच शिकवू नये. शिंगे आल्यावर तीच सवय जीवघेणी ठरते. चावा आणि रोगाची भीती हा तिसरा आक्षेप, आणि तो सर्वांत रास्त. त्याचे उत्तर लसीकरण, जंतनाशन आणि लहान मुलाजवळ मोठे माणूस असणे. खाणाऱ्या, झोपलेल्या किंवा पिल्लांपाशी असलेल्या प्राण्याला खेळायला छेडू नये. मान वळवणारा, शेपूट आत घेणारा, निघून जाणारा प्राणी नको म्हणत असतो; तिथे थांबावे.

वर्ध्याचा उन्हाळा 45 अंशांपर्यंत जातो. त्या दिवसांत खेळ सूर्योदयाआधी किंवा दिवेलागणीनंतर घ्यावा आणि शेजारी पाण्याचे भांडे ठेवावे. कुत्रा किंवा मांजर चावले अथवा ओरखडा उठला, तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन रेबीजची लस सुरू करावी.