अभंग अस्थीवरील शस्त्रक्रिया : एक ऐतिहासिक टिपण

वार्धक्यातील खुब्याच्या अस्थिभंगाचा पूर्वेतिहास हा बव्हंशी असाध्यतेचा इतिहास होय. सांध्याच्या आवरणातील भंगात ऊर्वस्थीच्या शिराचा रक्तपुरवठा तुटतो व म्हणून हाड क्वचितच सांधते, असे लंडनच्या अ‍ॅस्टली कूपर यांनी १८२२ च्या ग्रंथात प्रतिपादिले. बॉस्टनच्या स्मिथ-पीटरसन यांनी १९२५ मध्ये योजिलेल्या तिधारी खिळ्याने ही निराशा प्रथम ओसरली.

तथापि हे उपाय भंगोत्तर होते. १९९३ मध्ये डेन्मार्कमधील वृद्धाश्रमात कमरेवरील बाह्य कवचाने भंगांचे प्रमाण निम्म्याहून खाली आले. परंतु कवच नित्य वापरण्याचा कंटाळा हा त्यातील मोठा अडसर ठरला. पुढे शवास्थींत सिमेंट भरून पाहण्यात आले. बळ वाढले, पण घट्ट होताना निघणाऱ्या उष्णतेचा धोका उरला. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, अवघ्या १२ स्त्रियांवरील अभ्यासात चुनायुक्त द्रव्य वापरले गेले. त्याची जागा कालांतराने नवे हाड घेते.

खिळ्याचे यश रुग्णास डोळ्यांनी दिसे. प्रतिबंधक रोपणाचे यश मात्र न घडलेल्या घटनेत असते. शस्त्राचा धोका तेवढा प्रत्यक्ष असतो. म्हणूनच येथे पुराव्याची कसोटी अधिक कठोर असणे न्याय्य ठरते.