कोतवाल बुकात न उतरलेले दुखणे

अहिल्यानगर, म्हणजे जुन्या अहमदनगर जिल्ह्याच्या तहसील कचेऱ्यांतून गाव नमुना 14 ची, लोकव्यवहारात कोतवाल बुक म्हणून रूढ असलेली, जीर्ण दप्तरे जपलेली असतात. जातीच्या दाखल्यासाठी नक्कल मागणाऱ्या अर्जदाराखेरीज त्यांकडे सहसा कोणी वळत नाही, तरी गावोगावच्या जन्ममृत्यूंचा तोच जुना दस्तऐवज होय.

1918 च्या जूनमध्ये मुंबईत प्रकटलेला इन्फ्लुएंझा पुढे आश्विनाच्या सुमारास दख्खनच्या पठारावर प्राणघातक रूपात पसरला, तेव्हा पावसाने आधीच दगा दिलेला होता. आणि 1911 च्या खानेसुमारीत साडेनऊ लाखांच्या आसपास असलेली जिल्ह्याची लोकसंख्या 1921 साली सुमारे सव्वासात लाखांवर उतरली. त्या घटीत दुष्काळाचा आणि त्यापायी झालेल्या देशांतराचाही वाटा होता; पण साथीचे कितीतरी बळी केवळ ‘ताप’ या सदरात जमा झाल्याने साथीचा वाटा वेगळा काढणे दुष्कर आहे. त्याहून मोठी उणीव अशी की, जो तापातून उठला, पण ऐन रब्बी ज्वारीच्या पेरणीत ज्याला पाभर धरवेना, त्याच्यासाठी त्या दप्तरात रकानाच नव्हता. मेलेल्याची नोंद झाली. खंगलेल्याची झाली नाही.

शतकानंतर कोविड आला. नगरचे बूथ हॉस्पिटल, पारनेर तालुक्यातील भाळवणीचे उपचार केंद्र येथून बरे झालेले रुग्ण घरी परतले. पण कोणाला जिना चढताना धाप लागे, कोणाची झोप उडाली, कोणाला महिनोन्‌महिने अशक्तपणा सोडीना. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने 13 सप्टेंबर 2020 रोजी कोविडोत्तर देखभालीची मार्गदर्शिका काढली. ऑक्टोबर 2021 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने या अवस्थेची व्याख्या केली, तीत संसर्गानंतर साधारण तीन महिन्यांनी आढळणारी, किमान दोन महिने टिकणारी आणि अन्य निदानाने न उलगडणारी लक्षणे अंतर्भूत आहेत. व्याख्या झाली, परंतु गावपातळीवरची नोंदवही अद्याप दुर्लभच.

अशी नोंदवही अशक्य आहे, असे निदान या जिल्ह्याने तरी म्हणू नये. जामखेडला 1970 साली डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने आरंभिलेल्या प्रकल्पात अल्पशिक्षित, प्रसंगी निरक्षर, ग्रामीण स्त्रियांनी घरोघरच्या प्रकृतीची विचारपूस वर्षानुवर्षे केली आहे. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्राने असा एक रकाना उघडावा. आणि ज्यांची धाप अजून शमलेली नाही त्यांनी ‘वयच झाले’ म्हणून गप्प न बसता, कोविड कधी झाला होता हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे.