चित्र आधी, कथा मागाहून

१९९१ साली अमेरिकेत ‘डार्क सन’ हा भूमिका घेऊन खेळायचा खेळ आला. ब्रॉम या चित्रकाराने त्यातली रखरखीत वाळवंटी माणसे आधी रंगवली आणि लेखकांनी ती पाहून कथेत ओवली.

आपल्याकडे याचे नवल वाटू नये. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वराच्या ‘मानसोल्लासा’त चित्रकथकाची नोंद आहे. कुडाळजवळच्या पिंगुळीचे ठाकर चित्रकथी तेच करत आले: दोन चित्रे पाठीला पाठ चिकटवून केलेली पाने, अशा पानांची पोथी, आणि एकेक पान समोर धरून रामाचाही आवाज काढायचा, रावणाचाही. म्हणायची पोथी, पण वाचायचे चित्रच. शब्द सांगणाऱ्याच्या गळ्यात.

जयनगरात बसून कन्नडचे मराठी करणाऱ्या मला धास्ती वाटते ती इथेच. छापील पान हरवले तर दुसरी प्रत शोधता येते. गळा गेला की कथा गेली. पुण्याच्या केळकर संग्रहालयात चित्रकथीची चित्रे जपलेली आहेत, पण ती मुकी. पिंगुळीच्या परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली. त्यांनी आपल्या गोठ्याचेच संग्रहालय केले. तिथे चित्रापाशी अजून माणूस बोलतो.