कडेला लिहिलेलं नाव

इ. स. १६८४. भागानगर, म्हणजे आजचं हैदराबाद. चारमिनारजवळच्या एका गल्लीत, चित्रकाराच्या पडवीत तुम्ही मांडी घालून बसला आहात. वाटीत भिजवलेल्या डिंकाचा वास येतोय. पाटावर कागद आहे, थरावर थर चिकटवून जाड केलेला आणि अकीकानं घोटून गुळगुळीत केलेला. म्हातारा खारीच्या शेपटीच्या केसांच्या कुंचल्यानं दाढीचा एकेक केस ओढतोय. टोकदार दाढी, बाकदार नाक, पागोट्याला तुरा. नाव कुठंच नाही.

तुम्ही क्षणात ओळखता: शिवाजी महाराज. न ओळखून सांगता कोणाला? हे नाक शाळेपासून कचेरीपर्यंत प्रत्येक भिंतीवर पाहिलंय. पण ही तर कॉपी झाली. घरून आणलेलं उत्तर विसरा आणि समोरच्या कागदावरून सांगा.

आता पंचाईत होते. तुरा आणि मोत्यांची माळ कुणाही सरदाराला शोभेल. जाम्याचे बंद बघा: हिंदू ते डावीकडे बांधतात, मुसलमान उजवीकडे. खूण चांगली, पण भरवशाची नाही. कधी हात आडवा येतो, कधी नक्कल करताना चित्रच उलटं होतं. कारण म्हाताऱ्याच्या मांडीखाली खाका आहे. रेघांवर सुईनं भोकं पाडलेला कागद. त्यावर कोळशाच्या पुडीची पुरचुंडी थापली की खाली ठिपके उमटतात आणि ते जोडले की तोच माणूस पुन्हा तयार. असे किती तयार झाले, कोण मोजणार?

मग ज्यांनी लिहून ठेवलंय त्यांना विचारा. १६६४ च्या सुरतेच्या लुटीनंतर एस्कॅलियट नावाचा इंग्रज पाद्री कळवतो: महाराज बुटके, ताठ, बांधेसूद, बोलताना हसतात असं वाटतं, नजर तीक्ष्ण आणि रंग स्वतःच्या माणसांपेक्षा उजळ. पण हा पाद्रीही पाहणाऱ्यांचं ऐकूनच लिहितोय. थेवनो हा फ्रेंच प्रवासी उंची आणि नजर मान्य करतो, रंग मात्र सावळा सांगतो. आता कागदाकडे बघा. चित्रात माणूस एकटा आहे, म्हणजे उंची कळायची सोय नाही. तो बोलत नाही, म्हणजे हसूही गेलं. आणि रंग? तो म्हाताऱ्याच्या शिंपल्यात कालवलेला आहे.

महाराज १६७७ साली याच शहरात कुतुबशहाच्या भेटीला आले होते. म्हाताऱ्यानं तेव्हा गर्दीत मान उंचावून पाहिलं असेल का? विचारून बघा. तो मान वर न करता तुम्हाला उजेडातून बाजूला व्हायची खूण करतो.

गिऱ्हाईक परदेशी आहे. त्याला संच हवाय: दिल्लीचे बादशहा, विजापूरचे आणि गोवळकोंड्याचे सुलतान, आणि त्यांच्यात हे मराठी राजे. असाच एक संच पुढं ॲम्स्टरडॅमचा महापौर विटसेन याच्याकडे पोचतो. अशा चित्रांच्या कडेला कुणीतरी नाव लिहितं. ते लिहिणाऱ्यानं चेहरा पाहिलेला असतोच असं नाही, पण सगळी भिस्त त्या अक्षरांवर.

नाव चुकलं तर काय होतं, ते बघायला १९३३ सालच्या पुण्यात उतरा. तोवर इब्राहिमखान नावाच्या माणसाचं चित्र महाराजांचं म्हणून छापलं जातंय, पुजलं जातंय, आणि फारशी कुणाला शंका येत नाही. वा. सी. बेंद्रे ती ओळख खोडून काढतात आणि व्हॅलेंटाइन या डच लेखकाच्या अठराव्या शतकातल्या ग्रंथाशी जोडलेलं चित्र पुढं ठेवतात. १९२० सालच्या एखाद्या मास्तरांना म्हाताऱ्याच्या पडवीत बसवलं असतं, तर त्यांनी हा कागद बाजूला सारून खानावरच बोट ठेवलं असतं, तेही तुमच्याइतक्याच खात्रीनं.

मग आपला चेहरा तरी खरा कशावरून? माझ्या मते सगळ्यात वजनदार साक्ष पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. घोड्यावर महाराज, भोवती शिपाई. १६८६ पूर्वीचं, मीर मुहम्मदनं काढलेलं चित्र. काढून घेणारा इटालियन मनुची. तो १६६५ साली मिर्झा राजे जयसिंगांच्या छावणीत होता आणि तिथं महाराजांशी आपण बोललो, असं तो स्वतः सांगतो. मनुची थापाडा म्हणून बदनाम आहे, तेवढं वजा करा. तरी भलताच चेहरा समोर आला असता, तर निदान तो म्हणू शकला असता की हे ते नव्हेत. आता मीर मुहम्मदच्याही मांडीखाली कुणाचा खाका नव्हता कशावरून, असं विचाराल. विचारायलाच हवं.